भंगारवाल्या, जरा थांब!

दिवाळीच्या साफसफाईत आपल्या घराघरांतून दरवर्षी एक न्यायालय बसते. माळ्यावरून खाली आलेल्या प्रत्येक वस्तूची चौकशी होते आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. पितळेचा बंब सुटतो, कारण त्याला आता दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूचा मान आहे. आजीचा पाटा सुटतो, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती नाही. परंतु दहा-बारा वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेला संगणक मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहताच दोषी ठरतो. त्याला वकील नाही, साक्षीदार नाही. ‘स्लो झालाय’ एवढाच आरोप आणि तोच पुरावा! शिक्षाही ठरलेली : भंगार.

या निकालाविरुद्ध मी आज वाचकांच्या दरबारी अपील दाखल करीत आहे.

अपील एका विशिष्ट मुद्द्यापुरते आहे. जुना, कमी ताकदीचा संगणक पत्रे लिहायला आणि गाणी ऐकायला चालेल, असे मोठ्या मनाने कबूल करणारी मंडळीही एका ठिकाणी हटून बसतात. ‘त्याच्यावर व्हर्च्युअल मशीन? छे! ते त्याला झेपायचे नाही.’ मी म्हणतो, झेपते. आणि जिथे झेपत नाही असे दिसते, तिथे बहुतेक वेळा दोष यंत्राच्या वयाकडे जात नाही, चालवणाऱ्याच्या उधळपट्टीकडे जातो.

ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, हा एका संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्याला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. पाहुण्याची समजूत अशी की आपले बिऱ्हाड स्वतंत्र आहे; आपली रॅम, आपली डिस्क, आपला पडदा. प्रत्यक्षात यजमानाने आपल्या दोन खोल्यांमध्ये पडदा लावून त्याला एक कोपरा दिलेला असतो. ज्यांनी चाळीत पोटभाडेकरू पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था अधिक समजावून सांगायला नको.

पण सुखाने नांदणाऱ्या माणसाने असला पाहुणा घरात घ्यावाच कशाला? मराठी माणसाला त्याचे एक सबळ कारण आहे, आणि ते हौसेचे नाही. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याकडे संगणकावर जे मराठी जुळवले गेले, ते अंक, त्या स्मरणिका, ते कुळवृत्तांत, ती कवितांची बाडे, यांतले पुष्कळसे अशा फाँटांमध्ये आहे की त्यातले मराठी खुद्द संगणकाला ठाऊकच नव्हते. फाइलीत साठवलेली असत ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची स्थाने. त्यांच्यावर ‘क’चा आणि ‘ळ’चा मुखवटा चढवण्याचे काम फाँट करीत असे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, हे खरे. परंतु आपल्या छापखान्यांतून राज्य होते पेजमेकरचे, आणि पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळले नाही. त्याची अखेरची, सातवी आवृत्ती २००१ सालची. फाँट गेला की मुखवटा गळून पडतो आणि आजोबांच्या आठवणींच्या जागी रोमन अक्षरांची नुसती भेळ दिसते.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिकाचे असे दहा-बारा अंक माझ्या ताब्यात आहेत. गावातल्या शिक्षकांनी खपून लिहिलेला गावाचा इतिहास त्यात आहे. जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून उतरवलेल्या आहेत. लिहिणारे आणि सांगणाऱ्या, यांतले बरेच जण आज नाहीत. छापील प्रतींची वाळवीने चाळण केली. उरल्या त्या फाइली. त्या जशाच्या तशा उघडायच्या तर तो जुना पेजमेकर, तो जुना फाँट आणि त्या दोघांचे माहेर असलेली विंडोज एक्सपी, हे सारे कुटुंब एकत्र हवे. तिन्हींच्या मूळ सीडी आणि परवाने वाचनालयाच्या कपाटात जपून ठेवलेले होते. पण एक्सपीचा सांभाळ तिच्या जनकांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. तिला आज इंटरनेटच्या भररस्त्यावर मोकळी सोडणे म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणे. तेव्हा तिला आभासी यंत्राच्या आत, बाहेरचे दार बंद करून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

माझा संगणक म्हणजे २०१२च्या पिढीचा एक लॅपटॉप. प्रोसेसरला कोअर दोन, रॅम चार जीबी, आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क. पाहुणीला हाक मारावी, चहा टाकावा, तो प्यावा, कपबशी विसळावी, तरी एक्सपीचा पडदा उघडत नसे. एका दुकानात दाखवला. दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता निदान केले, ‘काका, याच्यात आता राम नाही. नवा घेऊन टाका.’ घरी भाच्याने त्याचीच री ओढली, ‘मामा, हा म्युझियमला द्या!’

आता गंमत पाहा. नवा घेतला म्हणून माझ्या फाइली त्यावर उघडणार आहेत का? मुळीच नाही. नव्या संगणकालाही पेजमेकरच्या त्या जुन्या फाँटाची तितकीच अनोळख. तिथेही हीच पाहुणी बोलवावी लागणार. म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला! परंतु हा साधा प्रश्न त्या दुकानात कोणी विचारला नाही, कारण तिथे प्रश्न एकच होता : नवा कधी घेता?

या निदानकर्त्यांना माझे सांगणे आहे की, बाबांनो, ज्याला तुम्ही श्रीमंती यंत्राचा शौक समजता त्याचा जन्मच मुळी टंचाईत झाला आहे. १९६७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी सीपी-४० नावाची व्यवस्था वापरात आणली. त्या काळी संगणक ही हत्तीसारखी गोष्ट. एक पोसताना संस्था मेटाकुटीस येत. तेव्हा एकच यंत्र अनेकांना असे वाटून द्यावे की प्रत्येकाला ते आपले एकट्याचे वाटावे, या गरजेतून आभासी यंत्र निघाले. यंत्र होते सिस्टीम/३६०, मॉडेल ४०, खास फेरफार केलेले. त्याची मुख्य स्मृती २५६ किलोबाइट. आणि एवढ्याशा जागेत एकाच वेळी चौदा आभासी यंत्रांची सोय होती! माझ्या त्या ‘राम नसलेल्या’ लॅपटॉपची रॅम त्याहून सोळा हजार पटींनी अधिक आहे, आणि मला चौदा पाहुणे नकोत, एकच हवा आहे. आजच्या पाहुण्याची भूक तेव्हाच्या पाहुण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे मला मान्य आहे. पण त्या लोकांनी जी काटकसर केली तिचा शतांश तरी आपण करतो का?

आपण काय करतो ते सांगतो, आणि त्याबरोबर काय करावे तेही.

पहिली गोष्ट कुलपाची. आभासी यंत्राला प्रोसेसरनेच हातभार लावावा अशी सोय इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली आपल्या प्रोसेसरांत आणली. इंटेलच्या सोयीचे नाव व्हीटी-एक्स. कित्येक लॅपटॉपांत ती असते, पण बायॉसमध्ये कुलूपबंद करून ठेवलेली असते. संगणक सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन ते एक कुलूप उघडायचे, एवढेच काम. पण ज्याने झाकणही उघडले नाही तो कुलूप काय उघडणार? व्हर्च्युअलबॉक्स हा पाहुणे ठेवण्याचा लोकप्रिय प्रोग्रॅम घ्या. २०१९ अखेरच्या त्याच्या ६.१ आवृत्तीपासून या सोयीवाचून तो पाहुण्याला दारातही उभा करीत नाही. यजमान विंडोज असेल आणि तिची स्वतःची हायपर-व्ही नावाची यंत्रणा जागी असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी एक हिरवे कासव दिसू लागते. ही माझी थट्टा नव्हे. करणाऱ्यांनीच ते चित्र तिथे ठेवले आहे. कासव दिसले की ओळखावे, दोन व्यवस्थापक एकाच घरात भांडत आहेत. त्यांतल्या एकाला, म्हणजे हायपर-व्हीला, रजा द्यावी.

दुसरी गोष्ट डिस्कची, आणि सगळ्यांत मोठा गुन्हेगार हीच. फिरत्या हार्ड डिस्कला वाचायचा हात एका वेळी एकाच ठिकाणी नेता येतो. यजमानाने एकीकडून हाक मारायची, पाहुण्याने दुसरीकडून. बिचारी दोघांच्या मध्ये धावून धावून दमते. लॅपटॉपमधल्या अशा डिस्कला इकडून तिकडे जाऊन वाचायला पंधरा-वीस सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला कशाबशा पन्नास-साठ खेपा. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. ती तेवढ्याच वेळात हजारो खेपा करते. मी नवा संगणक घेतला नाही. चार स्क्रू काढून एक साधी एसएसडी बसवली आणि पाहुणीचा चहा पुढे येण्याआधी पाहुणी येऊ लागली! ज्याला एकच खर्च झेपेल त्याने तो इथे करावा. दुसरा झेपला तर रॅमची एक पट्टी वाढवावी. बाकीचे सारे उपाय फुकट आहेत.

तिसरी गोष्ट रॅमच्या वाटणीची. इथे लोकांना वाटते, पाहुण्याला जितके जास्त वाढावे तितका तो खूश. म्हणून चार जीबीतले तीन जीबी पाहुण्याच्या ताटात वाढतात. मग यजमान उपाशी पडतो, आपले सामान रॅममधून काढून डिस्कवर नेऊन ठेवू लागतो, पुन्हा आणू लागतो, आणि यजमानच अंथरुणाला खिळल्यावर पाहुण्याचे आतिथ्य कोण करणार? एक्सपीची किमान गरज ६४ एमबी होती आणि शिफारस १२८ एमबीची. तिला ५१२ एमबी दिले तर ती मेजवानी समजते. तीन जीबीपेक्षा अर्ध्या जीबीत पाहुणा चपळ चालतो, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते. पण अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या पिढीला ती उलटी वाटू नये. कोअरचेही तेच. दोनांतले दोन्ही पाहुण्याला दिले तर यजमानाने काम करायचे कशाने? एक द्यावा. एक्सपीच्या काळातल्या कामाला एक पुरतो.

चौथी गोष्ट यजमानाच्या राहणीची. ज्या घरात पाहुणा ठेवायचा तिथे यजमानाने अंगावरचा जरतारी शेला उतरवून ठेवावा. माझ्या लॅपटॉपवर मी लिनक्स घातले आणि तेही एक्सएफसीईसारख्या साध्या पोशाखातले. पाहुणा चालू असताना इंटरनेटच्या ब्राउझरच्या वीस-वीस खिडक्या उघड्या ठेवू नयेत. त्यांतली एकेक खिडकी कधी कधी सबंध एक्सपीपेक्षा जास्त रॅम खाते.

पाचवी गोष्ट पाहुण्याच्या नखऱ्यांची. एक्सपीची ती निळी-हिरवी सजावट काढून जुना साधा वेष द्यावा. फाइली शोधण्यासाठी ती मागे बसून याद्या करीत असते, ते बंद करावे. आणि पडद्यावर रंगीत नळ्या पसरवणारा तो स्क्रीनसेव्हर! कोणी पाहत नसताना आभासी पडद्यावर नळ्या काढण्यासाठी खरा प्रोसेसर घाम गाळतो. तोही बंद. व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स मात्र अवश्य घालावेत. त्यांनी पडदा आणि माउस यांचा कारभार हलका होतो. पाहुण्याची आभासी डिस्क लागेल तशी वाढत जाणारी न घेता आधीच पुरती आखून द्यावी, आणि ‘स्नॅपशॉट’ नावाच्या आठवणींचा ढीग साठवू नये. प्रत्येक स्नॅपशॉटबरोबर एक नवी फाइल मागे लागते आणि वाचताना एकीतून दुसरीत शोधाशोध होते. शेवटचे म्हणजे पाहुण्याचे नेटवर्क तोडावे. त्याने घर सुरक्षित राहते, आणि आत आणखी एक अँटिव्हायरस पोसण्याचे ओझेही टळते.

एवढ्या पाच गोष्टी. यांत कोणती विद्या आहे? जी गृहिणी महिनाअखेरीस उरलेल्या रुपयांत सण साजरा करते तिला यातले प्रत्येक सूत्र पाठ आहे. मग हे आपल्याला कोणी सांगत का नाही? कारण काटकसर शिकवून कोणाचा माल खपत नाही!

हे माझ्या एकट्याचे रडगाणे समजू नका. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस विर्थ हे स्वित्झर्लंडचे मोठे संगणकशास्त्रज्ञ. २०२४च्या पहिल्याच दिवशी ते निवर्तले. त्यांनी १९९५ साली लेख लिहून बजावले होते की, यंत्रे ज्या वेगाने जलद होत आहेत त्याहून अधिक वेगाने प्रोग्रॅम मंद होत आहेत. यंत्राने मिळवायचे आणि प्रोग्रॅमने उडवायचे, असा हा संसार. आणि खापर मात्र फुटते म्हाताऱ्या यंत्राच्या डोक्यावर!

आता तर मंदपणाचाही आरोप लागत नाही. २०२५ साली, धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी, १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सर्वसाधारण सांभाळ संपला. घरगुती ग्राहकांना पुढे वर्षभराची सवलत दिली गेली, पण दिशा स्पष्ट होती : विंडोज ११कडे चला. तिच्या दाराशी मात्र यादी घेऊन पहारेकरी उभा. टीपीएम २.० नावाची चीप हवी आणि प्रोसेसर यादीतला हवा. इंटेलचे थोडे अपवाद सोडले तर २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या अलीकडचा. सुरक्षिततेचे कारण त्यामागे आहे, आणि ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण धडधाकट चालणाऱ्या यंत्राला ‘तू कसा चालतोस’ हे न विचारता ‘तुझी जन्मतारीख काय’ एवढेच विचारायचे, याला परीक्षा म्हणतात का?

माझे विरोधक म्हणतील, या खटाटोपात जाणाऱ्या वेळाची किंमत नाही का? आहे. दोन रविवार गेले. पण नवा संगणक विकत घेण्याचे पैसे मिळवायला किती रविवार जातात, याचाही हिशेब मांडावा. विरोधक म्हणतील, प्रत्येक जुने यंत्र असे तरते का? नाही. ज्याच्या प्रोसेसरमध्ये ती सोयच नाही, ज्याची दोन जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, किंवा ज्याच्या पोटात कोणी विंडोज ११ पाहुणी घालू पाहतो, त्याची वकिली मी करीत नाही. सांभाळ संपलेल्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार करा असेही मी सांगत नाही. माझे म्हणणे इतकेच की, चौकशी होऊ द्या आणि मग निकाल लावा. आधी निकाल आणि मग चौकशी, ही कुठली रीत?

कारण चुकीच्या निकालाची किंमत लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या जागतिक अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आलेला भाग २२.३ टक्के. उरलेल्यापैकी पुष्कळसा कुठे तरी कोणी तरी उघड्यावर जाळतो, आम्लात बुडवतो आणि त्याचा धूर कोणाची तरी मुले पितात. आपल्या दिवाणखान्यातून भंगारवाल्याच्या पोत्यात गेलेली वस्तू जगातून नाहीशी होत नाही. आपल्या नजरेआड होते, एवढेच.

आणि दुसरी किंमत त्याहून जिव्हाळ्याची. त्या संगणकाबरोबर काय जाते, हे आपण पाहतो का? कोणाच्या वडिलांनी निवृत्तीनंतर एका बोटाने टंकलेले आत्मवृत्त जाते. कोणाच्या आईची पाककृतींची वही जाते. कोणाच्या मंडळाच्या पंचवीस वर्षांचा जमाखर्च जातो. आमच्या वार्षिकातल्या ओव्या मी आता पाहुणीच्या खिडकीत उघडून, फाँट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमांतून काढून, जोडाक्षरांच्या चुका हाताने दुरुस्त करीत युनिकोडमध्ये आणतो आहे. ते पुरे झाले की एक्सपीचीही गरज उरणार नाही. तिला मी आनंदाने निरोप देईन. पाहुणीला जन्मभर ठेवून घ्यायचे नाही. तिच्या पेटीत आपला जो ऐवज अडकला आहे तो सुखरूप काढून घेईपर्यंत तिला बसायला जागा द्यायची, एवढाच हा मामला.

म्हणून वाचकहो, यंदा माळ्यावरून तो जुना संगणक खाली उतरला की लगेच वजनकाट्याची वाट पाहू नका. आधी तो चालू करा. आत काय आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलावून दाखवा. मराठीच्या जागी भेळ दिसली तर घाबरू नका; ती भेळ आपल्याच कोणाची तरी वाणी आहे. बायॉसचे कुलूप पाहा, डिस्क पाहा, ताटातली वाटणी नीट करा. घरात अशी चारचौघांसारखी हुशार मुले असतातच. त्यांना सुट्टीत हे काम सांगा, फराळाच्या बोलीवर. एवढे करूनही यंत्राने मान टाकली, तर आतली फाइलन् फाइल काढून घेऊन ते अधिकृत संकलन केंद्राकडे सोपवा आणि हात जोडा. तोवर दाराशी आलेल्या भंगारवाल्याला लाडू द्या, पाणी द्या आणि सांगा, ‘बाबा, रद्दी ने, फुटक्या बादल्या ने. याचा खटला अजून चालू आहे.’